दडे

विमान उतरलं, पण सरांचा उजवा कान काही उतरला नाही. चाकं जमिनीला टेकली तसा एक हिसका बसला, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि त्या टाळ्या सरांना दिसल्या. अगदीच ऐकू आल्या नाहीत असं नाही; शेजारच्या घरात कुणी गाद्या झोडपत असावं तशा आल्या. कानाला दडे बसले होते. विमानात सगळ्यांनाच बसतात, त्यात काय. सरांनी आवंढा गिळला, जबडा वासून जांभई दिली, नाक चिमटीत धरून गाल फुगवले. पलीकडच्या सीटवरून गणिताच्या बाई काहीतरी म्हणाल्या. शाळेचा क्रिकेटचा संघ पहिल्यांदाच परदेशी खेळायला निघाला होता. सर प्रशिक्षक म्हणून आणि बाई व्यवस्थापक म्हणून सोबत आले होते. सरांनी मान डोलावली. कशाला डोलावली ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण डोलावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कारण डावा कान आधीच गेला होता. उभा जन्म मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेला, त्याचा परिणाम असेल, किंवा नसेलही. रोज थोडा थोडा गेला, कुणाच्या लक्षात येऊ नये असा. सरांच्याही लक्षात आला तो उशिराच, आणि आला तेव्हा त्यांनी त्याचा गवगवा केला नाही. शिक्षकांच्या खोलीत ते भिंतीला डावी बाजू लावून बसू लागले. चालताना माणूस उजवीकडे येईल अशी पावलं टाकू लागले. सिनेमाला गेले तर कडेची खुर्ची. घरी बायकोला मात्र फसवता आलं नाही. ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "अहो, तुमच्या डावीकडे उभी राहून मी तुम्हाला काय काय सुनावून घेते, कळलं तर जेवण जाणार नाही तुम्हाला." सर हसले होते. मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, "दाखवा हो एकदा कुणाला तरी." दाखवायचं म्हणजे शाळेला कळणार. मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच गोड आवाजात सुचवून ठेवलं होतं, की मैदान आता एखाद्या तरुण माणसाकडे द्यावं आणि सरांनी ग्रंथालय बघावं, सावलीत बसावं. ग्रंथालयात कान लागत नाही हे खरं. पण त्या कपाटांच्या मधे आपण महिनाभरात वाळून जाऊ, असं सरांना वाटलं होतं, आणि ते वाटणं अजून पोटात तसंच होतं. मैदानावर कान लागतो, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

यजमान शाळेला सुट्टी होती आणि पाहुण्यांची सोय तिच्या वसतिगृहात केली होती. सरांना मिळालेली खोली एका मुलाची. पलंगही मुलाचाच, पाय सरळ केले की टाचा बाहेर. खिडकी चार बोटं उघडायची आणि तिथे एक लोखंडी पट्टी तिला अडवायची. बहुधा पोरांनी वाकून बघू नये म्हणून. दार आपोआप मिटायचं, आणि मिटताना होणारा आवाज सरांना ऐकू यायचा नाही, फक्त पावलांखालची फरशी किंचित थरथरायची. ते कॉटवर बसून राहिले. आता कानात बाहेरचं काही येत नव्हतं, पण आतलं सगळं ऐकू येत होतं. दात एकमेकांवर टेकलेले. मानेतली शीर. स्वतःचा घोट. उशीवर कान टेकला की आपलंच हृदय कुणीतरी दुसऱ्या खोलीत ठोकतंय असं. लहानपणी विहिरीत पोहायला शिकले तेव्हा तळाशी जाऊन श्वास धरून बसायची पैज लागायची. वर काठावर भाऊ ओरडतोय हे दिसायचं, तोंड उघडं, हात हलतायत, आणि खाली मात्र आपल्या डोक्यातलाच एक गुंगाट. तेव्हा मजा वाटायची, कारण पाय मारला की वर येता येत होतं. सरांनी पुन्हा नाक धरून गाल फुगवले. कानात काहीतरी चिरकलं आणि पुन्हा गच्च झालं.

यजमान शाळेचे मास्तर तसे दिलदार गृहस्थ, टोमॅटोसारख्या लाल चेहऱ्याचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सरांना एक पांढरी, रुंद काठाची टोपी भेट दिली, त्यावर त्यांच्या शाळेचं चिन्ह. सरांनी ती तिथल्या तिथे डोक्यावर चढवली. मास्तर खूप बोलले आणि सरांनी खूप मान डोलावली. त्या डोलावण्यातून काय ठरलं ते बाईंनी नंतर सांगितलं. या शालेय सामन्यांना बाहेरचे पंच नसतात. एका टोकाला त्यांचे मास्तर उभे राहणार, दुसऱ्या टोकाला आपले सर. "तुम्ही तर लगेच हो म्हणालात," बाई म्हणाल्या. बाई तोंड उघडून स्पष्ट बोलायच्या, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय. सर म्हणाले, "मग? आपल्याकडे मीच नसतो का उभा?"

आणि ते खरंच होतं. आपल्याकडे ते नेहमीच उभे असायचे. नोकरीला लागले तेव्हा शाळेकडे बॅटी चार आणि पंच एकही नाही. प्रत्येक सामना भांडणात बुडायचा. लागला, नाही लागला, आईशप्पथ लागला. वैतागून सरांनी नियम काढला: बॅटला चेंडू लागून झेल गेला की आपण होऊन चालू लागायचं. अंपायरकडे बघायचं नाही, कीपरकडे बघायचं नाही, मागे वळून तर मुळीच बघायचं नाही. खरं तर निव्वळ डोक्याची कटकट वाचावी म्हणून काढलेला नियम. पण वर्षं गेली तसा तो शाळेचा बाणा झाला. इतर शाळा चेष्टा करायच्या, 'आली चालती फौज' म्हणायच्या, आणि मनातून मानायच्या. बक्षीस समारंभात पाहुणे त्यावर भाषणं ठोकायचे. सर मान खाली घालून ऐकायचे. आपण आयुष्यात फार काही केलं नाही, पण एवढं केलं, असं त्यांना वाटायचं आणि डोळे ओले व्हायचे.

पहिल्या सामन्यात यजमानांचा सलामीचा फलंदाज स्थिरावायच्या आत ते घडलं. आपला गोलंदाज सरांच्या कडेने धावत गेला, चेंडू पडला, वळला, फलंदाजाची बॅट पुढे आली, आणि बोक्याने तो छातीशी धरला. बोका म्हणजे संघाचा कीपर. घारे डोळे आणि कुठूनही पडला तरी पायावर. बोक्याचं तोंड उघडलं. स्लिपमधल्या कप्तानाचं तोंड उघडलं. सगळ्यांचे हात वर गेले. सर विहिरीच्या तळाशी होते. ते नेहमी जे करायचे तेच त्यांनी केलं: फलंदाजाकडे पाहिलं. पोरगा जागचा हलला नाही. त्याने शांतपणे हातमोज्याचा पट्टा सोडला आणि पुन्हा लावला. म्हणजे लागला नाही. लागला असता तर चालू लागला नसता का? सरांनी मान हलवली. "नॉट आउट." तो शब्द त्यांच्या डोक्यात एवढा मोठा घुमला की तेच दचकले.

तो पोरगा संध्याकाळपर्यंत खेळला आणि सामना घेऊन गेला.

परत येताना गाडीत सगळे गप्प होते. किंवा बोलत होते. सर पुढच्या सीटवर बसले होते आणि मागे वळून बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. पोरं अबोला धरून बसली आहेत, की नेहमीसारखा गोंधळ घालतायत आणि आपल्यालाच ऐकू येत नाही? त्यांनी चालकाच्या आरशात पाहिलं. आरशात दोन डोकी दिसत होती, दोन्ही खिडकीकडे वळलेली. डोक्यांवरून काय कळणार. शेवटी धीर करून ते वळले, आणि कप्तान त्यांच्याकडेच बघत काहीतरी बोलत होता. बोलला असावा, ओठ मिटता मिटता दिसले.

"काय म्हणालास?"

"काही नाही, सर."

हे 'काही नाही' सरांना चांगलं ओळखीचं होतं. डावा कान गेल्यापासून जगाने त्यांना हेच ऐकवलं होतं. कुणी विनोद सांगितला, कुणी मनातलं बोललं, बायकोने एखादं जुनं काही आठवून म्हटलं, आपण विचारावं काय गं, आणि तिने म्हणावं, काही नाही. दुसऱ्यांदा सांगण्याइतकं कुठलंच बोलणं मोलाचं नसतं. तसं बघायला गेलं तर माणसं आपसांत जे बोलतात त्यातलं निम्मंअधिक सरांच्या वाटणीला आलंच नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं अडलंही नव्हतं. अडलं नव्हतं असं ते म्हणत आले होते.

जेवणघरात बाई ताट घेऊन त्यांच्या समोर येऊन बसल्या. "सर, राग मानू नका. तो चेंडू बॅटला लागला, तो आवाज मला सीमारेषेवर आला. मी गणित शिकवते हो. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही."

"शंका होती," सर म्हणाले. "शंकेचा फायदा फलंदाजाला."

"शंका तुम्हाला एकट्यालाच होती." बाईंनी पाव मोडला आणि आवाज खाली आणला, म्हणजे सरांना आता फक्त ओठच उरले. पण ते कळलं. "मुलं म्हणतायत, सर टोपीला भुलले."

सर हसले. पावाचा घास तोंडात होता. चावताना कानात खडी वाजत होती. टोपी! त्यांना वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. बाई, मला ऐकूच येत नाही. एवढं एक वाक्य. त्याने टोपी सुटेल, पण मग ग्रंथालय येईल. आणि ग्रंथालयही सोडा, बाई विचारतील, कधीपासून? त्या गणिताच्या; त्या मागे मागे जात हिशेब लावत बसतील. सर पाणी प्यायले आणि म्हणाले, "लेकरं आहेत. विसरतील."

खोलीत आल्यावर मात्र तो हिशेब त्यांचा त्यांनाच लागत गेला. संध्याकाळ लांबली होती, खिडकीच्या फटीतून गवताचा ओला वास येत होता. आपण आज फलंदाजाकडे का पाहिलं? सवयीने. म्हणजे आजवर दर वेळी पाहत आलो. म्हणजे पोरं चालू लागत होती म्हणून आपण आउट देत होतो. मग ऐकत कधी होतो? डावा गेला तो कळला, पण उजवा? उजवा धड आहे असं आपण धरून चाललो. ती बारीक टिक, वाळली काडी मोडावी तशी, ती शेवटची कधी ऐकली? सरांनी आठवून पाहिलं. आठवेना. कितीतरी वर्षं पोरं खरं वागत होती आणि त्या खरेपणाच्या आडोशाला सर सुखाने बहिरे होत होते. नियम त्यांनी पोरांसाठी काढला आणि पोरांनी त्यांना त्यावर पोसलं.

आणि मग त्यांना कप्तान आठवला, लहान असतानाचा. पॅड कमरेपर्यंत यायचे तेव्हाचा. आंतरशालेय अंतिम सामना, जिंकायला थोड्या धावा, आणि मागे झेल गेल्यावर हे एवढंसं पोर बॅट काखेत मारून चालू लागलं. मैदानात कुणालाच आवाज आला नव्हता. ही गोष्ट सरांनी लोकांना किती वेळा सांगितली असेल. पालकांना, नव्या मुलांना, बायकोच्या माहेरी. 'कुणालाही ऐकू आलं नव्हतं, पण पोरगं चालू लागलं!' कुणालाही? की फक्त आपल्याला? सर पलंगावर उठून बसले. कदाचित सगळ्या मैदानाने तो आवाज ऐकला असेल. कदाचित पोरानेही विचार केला असेल, की आता कसलं लपवायचं, सगळ्यांनी तर ऐकलंय. सगळी गोष्टच फुसकी. त्यांनी खिडकी ढकलली. पट्टीने ती अडवली. पुन्हा ढकलली. मग पट्टीला हात लावून ते तसेच उभे राहिले.

बायकोचा फोन आला तो त्यांनी आवाज पार वाढवून उजव्या कानाशी गच्च दाबून धरला. "कसं चाललंय?" असं ती म्हणाली असावी.

"छान. टोपी दिली त्यांनी."

मग ती बरंच काही बोलली, त्यातलं "कान" तेवढं कळलं.

"बरा आहे," सर म्हणाले. "आता शेवटचा सामना झाला की निघालोच."

शेवटच्या सामन्याला ऊन छान पडलं होतं. टोपी घालावी की नाही यावर सर बराच वेळ खोलीत उभे होते. न घातली तर मास्तरांचा अपमान, घातली तर पोरांचा. शेवटी घातली. पोरं त्यांच्याशी नीट वागत होती, अगदी पाहुण्यांशी वागावं तशी. "गुड मॉर्निंग, सर." "पाणी, सर?" चेष्टा बंद. बोका रोज त्यांच्या पोटाकडे बघून "सर, रनर घ्या" म्हणायचा, तोही बंद. या सगळ्यात सरांना सर्वात जास्त ती चेष्टा नसणं लागत होतं. चेष्टा करणाऱ्याला निदान आपण ऐकतो असं तरी वाटत असतं.

दुपारनंतर सामना आपल्या हातात आला. कप्तान खेळत होता आणि तो असेपर्यंत काळजी नव्हती. सर गोलंदाजाच्या टोकाला उभे होते, दर चेंडूला एक खडा या खिशातून त्या खिशात टाकत. खडे बोटांना लागत होते, तेवढंच खरं. आपण प्रार्थना करतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या टोकाला जे काही व्हायचं ते होवो, इथे होऊ नये. यजमानांचा वेगवान गोलंदाज धावत आला. चेंडू बाहेर होता, उठला, कप्तानाने बॅट घातली, आणि मागे झेल. समोरची सगळी पोरं सरांच्या दिशेने उसळली. तोंडं, हात, बोटं. सरांना फक्त स्वतःचा घोट ऐकू आला.

कप्तान उभा होता.

तो कधीच उभा राहिला नव्हता. सरांनी त्याला इतक्या वेळा चालू लागताना पाहिलं होतं, की बाद झाल्यावर त्याची डावी टाच आधी कशी उचलते हेही त्यांना पाठ होतं. आत्ता ती टाच उचलली होती. किंचित. आणि मग पुन्हा टेकली. मग त्याने मान वर केली आणि जे करायचं नाही म्हणून त्याला शिकवलं होतं ते केलं: सरळ अंपायरकडे पाहिलं. हेल्मेटच्या जाळीमागे त्याचे डोळे स्पष्ट दिसत होते. त्यांच्या पोराला दिलंत ना? मग द्या. आम्हाला पण द्या. शंकेचा फायदा.

लागला होता. सरांना आवाजाची गरजच नव्हती. ती टाच त्यांनी पाहिली होती. आणि नुसती मान हलवायची होती. त्यात तर ते तरबेज. मान हलवली की सामना आपला, पोरं आपली, बोक्याची चेष्टा परत, टोपीचं भूत उतरलं, कान कानाच्या जागी, मैदान मैदानाच्या जागी. घरी परत. पुन्हा भिंतीला डावी बाजू लावून बसायचं, आणि हा पोरगा पुढे जिथे जिथे खेळेल तिथे तिथे उभा राहील. आणि बोट वर केलं तर? कशावरून केलं? पोरांना कसं सांगणार, की त्याची टाच पाहिली? त्यांचं अपील ऐकू येतं आणि आमचं येत नाही, हेच ती म्हणणार. इकडे मान, तिकडे बोट, आणि मधे सर गच्च. खिडकीची पट्टी. सगळे हात अजून वर होते. मास्तर तिकडून टक लावून बघत होते. सरांनी आवंढा गिळला. कान उघडला नाही. आता तो उघडला असता तरी काय उपयोग होता.

"मला ऐकू आलं नाही," सर म्हणाले.

कप्तानाने भुवया उंचावल्या.

"मला ऐकू येत नाही रे. त्या दिवशीही आलं नव्हतं. कधीपासूनच येत नाही." आपण केवढ्याने बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. पण सीमारेषेवरच्या बाई उठून उभ्या राहिल्या, आणि मैदानभर वर गेलेले हात हळूहळू खाली आले, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्याने बोलले असावेत. तंबूच्या पायऱ्यांवर पॅड बांधून बसलेला बोकाही उभा राहिला होता.

सरांनी खिशातले खडे काढले. टोपी उतरवली, खडे तिच्यात टाकले, मास्तरांपर्यंत जाऊन ती त्यांच्या हातात दिली आणि त्यांना नमस्कार केला. मास्तर काहीतरी बोलले. या वेळी सरांनी मान डोलावली नाही. मग ते वळले आणि चालू लागले. अंपायरकडे बघायचं नाही, कीपरकडे बघायचं नाही, मागे वळून तर मुळीच नाही. इतकी वर्षं शिकवलं, पण स्वतः कधी चालून पाहिलं नव्हतं. तंबू दिसतो त्यापेक्षा फार लांब असतो. डोक्यावर ऊन लागत होतं, आणि पाठीमागे काय चाललंय याचा काडीचा पत्ता नव्हता. हसत असतील. पुन्हा खेळ सुरू झाला असेल. ग्रंथालयात खिडकी कुठल्या बाजूला आहे ते त्यांना आठवेना.

निम्म्या वाटेवर त्यांच्या सावलीशेजारी आणखी एक सावली आली. तिच्या काखेत बॅट होती. सरांनी वळून पाहिलं नाही. सावली आधी डावीकडून चालत होती, मग मागून वळसा घालून उजवीकडे आली, आणि तिचं डोकं हललं.

सर थांबले. जन्मात पहिल्यांदा ते म्हणाले, "मोठ्याने बोल. ऐकू येत नाही."

कप्तानाने हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा घामाने आणि कशाकशाने भिजला होता. त्याने सरांच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "लागला होता, सर!"

"माहीत आहे," सर म्हणाले, आणि दोघंही तंबूकडे चालू लागले.